जेलमध्ये असलेल्या माणसाला मत देता येत नाही, मग तो निवडणूक कशी काय लढवतो? कोर्टाने यावर काही म्हटलेलं नाही का?

तुमच्या प्रश्नाखाली आधीच एकजण लिहून गेलाय की "बरोबरच आहे, चोर-दरोडेखोरांना कशाला पाहिजे मत". ते वाचलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मी इथे नुसता वाचायला येतो.

मी साडेचार महिने आत होतो. गणपती बसायच्या आदल्या दिवशी उचलला, २०१९ ची गोष्ट, आणि सुटलो संक्रांतीनंतर. चोर नाही, दरोडेखोर पण नाही. सातारा जिल्ह्यात ऊस आणि आलं लावणारा माणूस. भांडण बांधाचं, त्यामुळे ज्याचं गाव आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. चुलतभाऊ दरवर्षी नांगरटीला वीतभर बांध कोरायचा, त्या वर्षी मी ट्रॅक्टरला आडवा गेलो. खोऱ्याचा दांडा कुणाच्या हातात होता आणि कुणाच्या डोक्यात कसा बसला यावर कोर्टात साडेतीन वर्षं गेली आणि २०२३ ला मी निर्दोष सुटलो, पण त्या दिवशी त्याला सात टाके पडले आणि माझ्यावर ३०७ लागलं, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं कलम. माझा हात मोडलेला म्हणून त्याच्यावर पण क्रॉस केस झाली. त्याला अटकपूर्व जामीन मिळाला. मला नाही मिळाला. त्याचा वकील भारी का माझा हलका का कलमाचा फरक, ते सोडा आता.

तर मी आत असतानाच इलेक्शन आलं, २१ ऑक्टोबर. आमच्याकडे त्या दिवशी एक नाही दोन मतं होती, विधानसभेचं एक आणि उदयनराजेंनी राजीनामा दिलेला म्हणून लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं एक. १८ तारखेला पवारसाहेब भर पावसात भिजत बोलले ते आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरात दिसलं, एकच पेपर अख्ख्या बराकीत फिरायचा, माझ्यापर्यंत येईस्तोवर घडीवर फाटलेला असायचा. आणि चर्चा तर अशी की बाहेरच्या पारावर काय होत असेल. कोण किती लीडने येणार यावर बिस्किटाच्या पुड्याच्या पैजा. साठ-सत्तर माणसं, सगळी मतदार यादीतली, आणि मत एकालाही नाही.

एकालाही नाही म्हणलं ते चुकलं. एकाला होतं. शेजारच्या यार्डात एमपीडीएखाली (धोकादायक माणसाला खटल्याशिवाय आत ठेवायचा राज्याचा कायदा) स्थानबद्ध केलेला एक भाई होता, त्याच्यासाठी टपाली मतदानाचा कागद आला. हे त्यानेच सांगितलं, जेलच्या दवाखान्याच्या लायनीत. आम्हाला वाटलं फेकतोय. पण खरंच तसं आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६२(५): तुरुंगात असलेला माणूस मत देऊ शकत नाही, मग शिक्षा झालेली असो नाहीतर केस अजून चालायची असो, पोलीस कोठडीत असला तरी नाही. सूट फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्या माणसाला. म्हणजे सरकार ज्याच्याबद्दल म्हणतं की हा इतका धोकादायक आहे की गुन्ह्याची वाट न बघता आधीच आत टाका, त्याला मत आहे, आणि बांधावरच्या हाणामारीतल्या शेतकऱ्याला नाही. वकिलाने नंतर समजावलं की स्थानबद्ध माणसावर खटलाच नसतो, म्हणून त्याचं मत काढता येत नाही. बरं. मग माझ्यावर आरोप होता, पण सिद्ध कुठे झाला होता? त्या भाईने तो कागद भरलाच नाही, कोण कटकट करणार म्हणाला.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी आई मुलाखतीला आली. काचेपलीकडून आधी बोट दाखवलं, शाई लावलेलं. मी फोनवर विचारलं कुणाला दिलंस, तर म्हणाली ते सांगायचं नसतं. आणि मग आल्याला पाणी किती दिलं ते सांगत बसली.

आता माझे दाजी. थोरल्या बहिणीचे मिस्टर, प्राथमिक शिक्षक, अतिशय शिस्तीचा माणूस. मी जामिनावर सुटून आलो, दुसऱ्या दिवशी अंगणात चहा चालला होता, चार माणसं भेटायला आलेली, आणि मी सहज बोलून गेलो की बाकी सगळं सोसलं पण दोन मतं गेली त्याचं वाईट वाटलं. तर दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "कायदा हातात घ्यायचा आणि वर कायदे करणारे पण आपणच निवडायचे, दोन्ही कसं चालेल?" मी गप्प बसलो. काय बोलणार, अंगावर ३०७. पण त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचलंय, म्हणून तुमचा प्रश्न मला कालच विचारल्यासारखा वाटला.

कोर्टाने म्हटलंय, आणि एकदा नाही. १९९७ ला अनुकूल चंद्र प्रधान यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने ही बंदी योग्य ठरवली, सरन्यायाधीश जे. एस. वर्मा होते. कारणं साधारण अशी, की कैद्यांचं मतदान घ्यायचं तर जादा पोलीस, बंदोबस्त, यंत्रणा लागेल. दुसरं, माणूस स्वतःच्या वागण्यामुळे आत गेलाय तर बाहेरच्यासारखे हक्क मागू शकत नाही. तिसरं, राजकारणातली गुन्हेगारी कमी करायची आहे. आणि मुळात आपल्याकडे मतदान हा कायद्याने दिलेला हक्क धरतात, मूलभूत हक्क नाही, त्यामुळे कायदाच अटी घालू शकतो.

यंत्रणेचं म्हणाल तर ज्या २१ ऑक्टोबरला मला मत नव्हतं त्या इलेक्शनला दाजींना ड्युटी लागलेली, आणि ड्युटीवर म्हणून त्यांनी स्वतः टपाली मत दिलं! गीरच्या जंगलात बाणेजला एका महंतासाठी आख्खं बूथ लागायचं, त्याचे फोटो आपणच कौतुकाने फॉरवर्ड करतो. २०२४ ला ८५ च्या वरच्या लोकांचं आणि ४० टक्क्यांच्या वर अपंगत्व असलेल्यांचं मत घरी जाऊन घेतलं, चांगलंच केलं. मग जेलमध्ये तर माणसं एका जागी बसलेली असतात, रोज मोजलेली असतात, पळून जायचा प्रश्न नाही, बोगस मतदान होणार नाही. याच्यापेक्षा सोपं बूथ महाराष्ट्रात दाखवा मला.

आणि स्वतःच्या वागण्यामुळे आत गेला हे तर मला मान्यच नाही. एकाच बांधावर, एकाच दिवशी, दोघांवर केसेस. त्याला अटकपूर्व मिळाला, तो गाडीत बसून जाऊन मत देऊन आला. मला मिळाला नाही, मी बराकीत. यात वागण्याचा संबंध कुठे आला? देशात दर चार कैद्यांमागे साधारण तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. त्यातल्या बऱ्याच जणांकडे जामीनदार नाही, सातबारा नाही, वकिलाला पैसे नाहीत. म्हणजे मत कुणाचं जातं तर ज्याला जामीन मिळाला नाही त्याचं. जामिनावर बाहेर आलं की त्याच माणसाला, त्याच केसमध्ये, लगेच मत आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, निवडणूक कशी लढवतात. हाच प्रश्न पाटण्याला हायकोर्टात गेला होता आणि २००४ ला त्यांनी सरळ हिशोब मांडला: उमेदवार व्हायला आधी मतदार असावं लागतं, आत असलेला मत देऊ शकत नाही, म्हणजे तो मतदार नाही, म्हणजे उभा राहू शकत नाही. १० जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. त्याच दिवशी लिली थॉमस प्रकरणात दुसरा निकाल आला, की दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की आमदारकी-खासदारकी लगेच जाणार, अपील केलं म्हणून वाचणार नाही.

मग बघा काय धावपळ झाली ती. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष, पण यावर सगळ्यांचं एकमत, की उद्या सत्तेत असलेला पक्ष अर्ज भरायच्या आदल्या दिवशी विरोधकाला कोठडीत टाकेल आणि खेळ संपेल. मुद्दा खोटा नाही. जॉर्ज फर्नांडिस १९७७ ला जेलमधूनच मुजफ्फरपूरला निवडून आले होते, हा नियम असता तर ते उभेच राहू शकले नसते. पण दोन महिने पण लागले नाहीत, ६ सप्टेंबरला लोकसभेने दुरुस्ती मंजूर केली, आणि लागू कधीपासून, तर १० जुलैपासून, म्हणजे निकाल जणू आलाच नव्हता. त्यात लिहिलं की आत असल्यामुळे मत देता येत नसलं तरी माणूस मतदार राहतो, यादीत नाव राहतं. झालं, उभं राहता येतं. दुसऱ्या निकालावर अध्यादेश आणायला निघाले होते, तो राहुल गांधींनी पत्रकारांसमोर येऊन फाडून फेकला पाहिजे म्हणल्यावर मागे घेतला (लोक सांगतात तिथेच फाडला, तसं नाही, फाडला पाहिजे म्हणाले). आणि २०२३ ला त्याच निकालामुळे त्यांचीच खासदारकी गेली होती, सुप्रीम कोर्टाने दोषी ठरवण्यालाच स्थगिती दिल्यावर परत मिळाली.

माझा राग तो इथे आहे. कलम ६२ उघडलं होतं ना २०१३ ला? पेन हातात होतं. उभं राहायची सोय करून घेतली आणि मताची ओळ तशीच ठेवून फाईल बंद केली. कुणी म्हणलं नाही की अरे हा मतदार आहे असं आपणच लिहितोय, तर मग याला मत पण देऊ.

मग जून २०२२ ला वेळ आली त्यांच्यावरच. अनिल देशमुख आणि नवाब मलिक आत होते, राज्यसभेला पण आणि दहा दिवसांनी विधान परिषदेला पण कोर्टाने मतदानाला सोडलं नाही, सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन २० जूनला नकार मिळाला. तेव्हा टीव्हीवर दिवसभर लोकशाहीची चर्चा, एक बाजू म्हणते अन्याय, दुसरी म्हणते कायदा सगळ्यांना सारखा. दोन आमदारांची दोन मतं हो! आणि लाखो कच्च्या कैद्यांबद्दल त्या आठवड्यात मी एका पक्षाच्या तोंडून एक वाक्य ऐकलं नाही. गंमत म्हणजे २०१७ ला राष्ट्रपतीच्या निवडणुकीत भुजबळ जेलमधून येऊन मत देऊन गेले होते, त्या निवडणुकीचा कायदा वेगळा.

२०२४ ला तर कळस झाला. बारामुल्लाहून इंजिनिअर रशीद तिहारमध्ये बसून निवडून आले, ओमर अब्दुल्लांना पाडून. दुसरीकडे पंजाबातून अमृतपाल सिंग आसामच्या जेलमधून. आता यात अमृतपाल तेव्हा रासुकाखाली (राष्ट्रीय सुरक्षा कायदा) स्थानबद्ध, म्हणून त्यांना कायद्याने टपाली मत होतं, आणि रशीद कच्चे कैदी, म्हणून लाखो लोकांनी मत दिलं तरी स्वतःला स्वतःचं मत नव्हतं. मी हे दाजींना सांगितलं तर म्हणाले असली उदाहरणं देऊन तू तुझीच बाजू पाडतोयस. असेल.

इंग्रजांच्या देशात केस चालू असलेल्या कैद्याला मत आहे, हे पण सांगून ठेवतो. तिथे शिक्षा झालेल्यांना नाही, आणि युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने २००५ ला अशी सरसकट बंदी चुकीची ठरवली तेव्हा तिकडचे पुढारी पण भडकलेच, पुढे २०१० ला पंतप्रधान कॅमेरून म्हणाले कल्पनेनेच मळमळतं. पण कच्च्या कैद्याला आहे. शिक्षा झालेल्यांचं काय करायचं याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही, काही माणसं मी आत बघितलीयत, त्यामुळे त्यावर मला भांडायला लावू नका.

मी वकील नाही, कलमं वाचून वाचून पाठ झालीत एवढंच. आणि वर जे लिहिलंय ते लोकसभा-विधानसभेचं, ग्रामपंचायत-झेडपीचे कायदे राज्याचे आहेत. दाजींबद्दल पण गैरसमज नको, माझ्या वकिलाची पहिली फी त्यांनीच भरली होती आणि अजून मागितलेली नाही. फक्त त्या अंगणातल्या वाक्याचं उत्तर राहिलं होतं. ते इथे वाचतात, मला माहितेय.

कुणाचा माणूस आत असेल तर एकच सांगतो, आत गेला म्हणून यादीतून नाव जात नाही, आणि कुणी कापलं असेल तर अर्ज करा. माझं होतं. जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायत लागली तेव्हा जामिनावर असताना जाऊन मत दिलं, यादीत माझं नाव चुलतभावाच्या नावाच्या बरोबर खाली. तो त्या वेळी आमच्या वॉर्डातून उभा होता. शंभर मीटरच्या पट्ट्याबाहेर पांढरा शर्ट घालून हात जोडून थांबलेला, मी दिसल्यावर एक सेकंद थबकला आणि मग म्हणाला, "लक्ष असू द्या." केस चालूच होती, पुढची तारीख दोन आठवड्यांवर.