नातीचा वजनकाटा आणि तुमची ओंजळ

पत्र: ताई, माझं वय 68. मराठवाड्यात, सेलूजवळ आमची शेती आहे. दर चैत्रात शेतातल्या म्हसोबाला रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात (निखाऱ्यांत) भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, नैवेद्य असतो. रोडगे मला सासूबाईंनी शिकवले. यंदा पुण्याची नात म्हणाली, "आजी, मला शिकव." वजनकाटा मांडून बसली आणि दर घडीला एकच, किती ग्रॅम, किती मिनिटं. मी वैतागून बोलून गेले, "आम्हाला कुणी ग्रॅम सांगितले होते? तुला नाही जमायचं." ती गप्प झाली, दुसऱ्या दिवशी निघूनही गेली. परवा तिनं ओव्हनमध्ये केलेल्या रोडग्यांचा फोटो पाठवला. मी उत्तर दिलं नाही. गुडघ्यांमुळं आता आरापाशी बसवत नाही. हे माझ्यासोबतच संपायचं का?

अक्का,

आधी त्या फोटोला उत्तर द्या. माझं पुढचं वाचायच्या आत दिलंत तरी चालेल. दुखावून गेलेली पोर पुण्यात जाऊन दुसरं काही नाही, रोडगेच करते, आणि फोटो तुम्हालाच पाठवते. ती शिकायची थांबलेली नाही.

तुमचं दुखणं मला कळतं, कारण मी त्याच्या दुसऱ्या टोकाला होते. आमच्या आईच्या हातचे रोडगे खायला भावकी जमायची. मळायला ती आम्हाला बसू द्यायची, पण आरातून रोडगा काढायची वेळ आली की म्हणायची, "सरका, तुम्हाला नाही कळायचं." आम्ही सरकलो. ती गेल्यावर पहिल्यांदा मी आर पेटवला तेव्हा पीठ, मीठ, ओवा, तेल सगळं ठीक होतं, आणि निम्मे रोडगे वरून कोळसा, आत कच्चे निघाले. कधी काढायचे तेवढंच मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिची आठवण आली आणि रागही आला. तुमच्या नातीवर ती पाळी येऊ नये म्हणून जरा स्पष्ट लिहिते आहे.

ग्रॅमची चीड सोडा. तुमच्या सासूबाई पायली-शेरात बोलत असतील. वजनमापाचा कायदा 1956 साली झाला, त्याच वर्षी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, आणि मग हळूहळू बाजारात किलो रुळला. तुम्ही गिरणीत दळण किलोनंच टाकता ना? माप बदललं, रोडगा राहिला. तो जुनाही किती! नाथांच्या भारुडात भवानीआईला कबूल केलेला आहे, म्हणजे पैठणच्या बाजूला सोळाव्या शतकातही तो घरचाच होता.

तेव्हा वजनकाटा येऊ द्या. तुम्ही नेहमीसारखी ओंजळीनं परातीत पीठ घ्या, तिला वजन करू द्या. तीनदा घ्या, तिन्ही आकडे तिच्या वहीत जाऊ द्या. थोडे मागंपुढं होतील. ते पाहूनच तिला कळेल की अंदाज म्हणजे ठोकताळा नव्हे. मग तिला तिच्या ओंजळीनं घ्यायला लावा, कारण तिचा हात लहान आहे. तेलाच्या मोहनाचंही तसंच: पिठाची मूठ वळून टिकली की पुरे, ही खूण तुम्ही दाखवायची आणि चमचे तिनं मोजायचे.

एक मात्र खरं, "किती मिनिटं" याचं उत्तर मिनिटांत देता येत नाही. पण उत्तर आहे, आणि ते तुम्ही दिलं नाहीत. धूर थांबला, गोवऱ्या आतून लाल झाल्या आणि वर पांढरी राख चढली, की आर तयार. जाळ असताना टाकला तर माझ्यासारखं होतं. पीठ घट्ट का, तर सैल पिठाला राख चिकटते. दळण रवाळ का, तर रोडगा कुस्करल्यावर त्यात वरण मुरलं पाहिजे, लगदा नाही झाला पाहिजे. पाऱ्यांना, म्हणजे लाटलेल्या छोट्या पोळ्यांना, तेल लावून त्या एकावर एक का ठेवायच्या, तर थर सुटे राहतात आणि गोळा आतपर्यंत भाजतो. वर तडा गेला, बोटानं ठोकल्यावर पोकळ वाजला, की काढायचा आणि सुती फडक्यात घोळून राख झाडायची. तुम्ही हे इतकी वर्षं हातांनी करत आलात, म्हणून तोंडानं सांगायची वेळच आली नसेल. आता सांगा. आणि तिनं काढलेले दोन-चार कच्चे निघाले तर निघू द्या, परत फुफाट्यात, त्या गरम राखेत, ढकलता येतात. तुम्ही हात घालायचा नाही, हे तुम्हाला सगळ्यांत जड जाईल. गुडघ्यांचं निमित्त करून खुर्चीवरच बसा.

ओव्हनबद्दल. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ती गोवऱ्या कुठं पेटवणार? माझी सून ओव्हनमध्येच करते, 180 अंशांवर साधारण 40 मिनिटं, मध्ये एकदा उलटून आणि वरून तेलाचा हात फिरवून. चांगले होतात. धुराचा वास येत नाही, राखेचा खरपूसपणा येत नाही, आणि ते मी तिला स्वच्छ सांगते. पण त्याला रोडगाच म्हणते. तुमची नातही खाताना तो वास शोधत असेल, तिला तो शेतात येऊनच मिळेल.

आणखी एक विचारते. तुम्ही नातीबद्दलच लिहिलंत. घरात नातू नाही का? आपल्याकडं शेतातल्या पंगतीला आर सांभाळायला, रोडगे उलटायला बापे माणसंच तर बसतात! मग शिकवताना फक्त पोरींना का बोलवायचं? वाकायचं काम त्याला द्या, वही तिच्याकडं राहू द्या. दोघांपैकी एकाला तरी म्हसोबाची वाट ठाऊक राहील.

चैत्राची वाट पाहू नका. दिवाळीच्या सुट्टीत बोलवा, तोवर बाजारात वांगीही चांगली येतात. गोवऱ्या पाऊस संपल्यावर उन्हात टाकून कडकडीत वाळवून ठेवा, ओलसर गोवरीला नुसता धूरच होतो. फोन तुम्ही करा, सुनेकडून निरोप नको. "मी चिडले ते चुकलं" एवढं एकदा म्हणा, लांबण लावू नका. मग फोटोतला रोडगा आतून कसा झाला ते विचारा, थर सुटले होते का ते विचारा. आणि येताना वजनकाटा आठवणीनं आण म्हणून सांगा.