ओरॅकल डेटा पंपचा (ओरॅकल डेटाबेसमधला डेटा बाहेर काढणाऱ्या टूलचा) एक्स्पोर्ट कंट्रोल-सी दाबूनही चालूच राहतो, तो बंद कसा करायचा?

कंट्रोल-सीनंतर जो 'एक्स्पोर्ट' प्रॉम्प्ट येतो, तिथेच 'किल_जॉब' टाइप करा. कंट्रोल-सीने स्क्रीनवरचा लॉग तेवढा थांबतो. जॉब, म्हणजे एक्स्पोर्टचं प्रत्यक्ष काम, सर्व्हरवर चालतो, त्याला तुमच्या टर्मिनलशी देणंघेणं नसतं. टर्मिनल बंद झालं असेल तर 'डीबीए_डेटापंप_जॉब्स' या व्ह्यूमधून जॉबचं नाव काढा आणि 'अटॅच' पॅरामीटरला ते देऊन एक्स्पोर्ट कमांड पुन्हा चालवा, म्हणजे तोच प्रॉम्प्ट परत मिळेल. मात्र 'किल_जॉब' अर्धवट डम्प फाइलीही (ज्यांत एक्स्पोर्टचा डेटा लिहिला जातो) पुसून टाकतो, पुढे चालू ठेवायचा असेल तर 'स्टॉप_जॉब' बरा. जॉब 'नॉट रनिंग' दिसतोय, पण डम्प फाइली उडाल्यामुळे अटॅचच होत नाही? मग जॉबच्याच नावाचं मास्टर टेबल, म्हणजे जॉबची नोंद ठेवणारं टेबल, ड्रॉप करावं (डेटाबेसमधून काढून टाकावं) लागतं. नाव दोनदा तपासा, बरं का!