वाचक विचारतात : जतची चुनखडी आणि वाईचा काळा दगड

प्रश्न : आमच्या गावाशेजारी चुनखडीची खाण चालू आहे. माल चुन्याच्या भट्टीला जातो. चुनखडी समुद्रात तयार होते, तिच्यात शंख-शिंपले सापडतात, असं आम्ही शिकवतो. नववीच्या मुलांना तिथे नेऊन जीवाश्म दाखवता येतील का? आणि या खाणीला भूशास्त्राच्या दृष्टीने काही मोल आहे का, हे कसं ठरवायचं?
(एक शिक्षक, ता. जत, जि. सांगली)

उत्तर : आधी मुलांचं. काम चालू असलेली खाण मुलांसाठी धोक्याची जागा आहे; खाण अधिनियम १९५२ प्रमाणे तर १८ वर्षांखालील मुलांना तिथे नुसतं उभं राहायलाही मनाई होती. मुलांना नेऊ नका. तुम्ही स्वतः खाणमालकाची परवानगी काढून, हेल्मेट घालून जा आणि नमुने शाळेत आणा.

समुद्री शिंपले तिथे मिळणार नाहीत. चुनखडी हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो, तिथून घोळ सुरू होतो. पुस्तकातला तो थरांचा चुनखडक. तो महाराष्ट्रात विदर्भातल्या वणी-कोरपना भागात आहे. जतहून जवळ म्हणाल तर कर्नाटकात बागलकोट-लोकापूरकडे. तुमच्याकडची ती खडे-गोटे असलेली, मातीत तयार झालेली चुनखडी. बेसाल्ट (आपला काळा पाषाण) कुजताना त्यातलं कॅल्शियम पाण्यात उतरतं. घाटमाथ्यावर ते पावसाबरोबर वाहून जातं. जत-आटपाडीसारख्या पर्जन्यछायेत पाणी जमिनीतच आटतं आणि चुना मागे राहतो. म्हणजे तुमची खाण समुद्राची नव्हे, जुन्या कोरड्या हवामानाची नोंद आहे. ती कमी मोलाची नाही.

मोल ठरवायला भिंतीची नोंद लागते. खालून वर वाचत जा : कठीण बेसाल्ट, कुजलेला मुरूम, चुन्याचे गोटे, असलाच तर सलग कठीण पापुद्रा, वर काळी माती. प्रत्येक थराची जाडी सेंटिमीटरमध्ये लिहा. पायथ्याचा ढिगारा थर म्हणून मोजला जातो, ही नेहमीची चूक; फावड्याने तो बाजूला केल्याशिवाय खालची ओळ लिहू नका. भिंतीवर धूळ बसली असेल तर झाडूने झाडा, नाहीतर सगळेच थर एका रंगाचे दिसतात. फोटोत मोजपट्टी हवी आणि ऊन तिरकं हवं. भर दुपारी गोटे उठून दिसत नाहीत. डोक्यापेक्षा उंच भिंतीला हात लावायला जाऊ नका. ती जितकी उंच, किमान तितकं लांब थांबा. सुरुंगानंतर आणि पावसानंतर तर तिकडे फिरकूच नका.

मग चारदोन गोटे फोडा. आत कांद्यासारखी वलयं असतील तर चुना टप्प्याटप्प्याने साचला. मधोमध पेन्सिलएवढी उभी नळी असेल तर ती बहुधा झाडाच्या मुळाची जागा. जमिनीवरच्या गोगलगायीचं कवच मिळालं तर तेवढा जीवाश्म तुमच्या हक्काचा! हाडं किंवा घडवलेली दगडी हत्यारं दिसली तर उपसू नका. जागेवरच फोटो काढून तज्ज्ञांना कळवा.

चुना किती, हे शाळेच्या प्रयोगशाळेत कळतं. वाळवून कुटलेली १० ग्रॅम पूड काचेच्या चंचुपात्रात घ्या, १०० मिलीलीटर १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं थोडं ओता. एकदम ओतलं तर फेसाबरोबर पूडही बाहेर येते. फेस थांबला की आधीच वजन केलेल्या गाळणकागदातून गाळा, साध्या पाण्याने तीनचारदा धुवा, वाळवा, मोजा. धुतलं नाही तर राहिलेलं कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं आणि वजन फुगतं. घरातला काटा उपयोगाचा नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. गाळ २.५ ग्रॅम उरला तर कॅल्शियम कार्बोनेट साधारण ७५ टक्के, म्हणजे चुना (कॅल्शियम ऑक्साइड) ७५ × ०.५६ = ४२ टक्के. हा भट्टीवाल्याचा हिशोब झाला. भूशास्त्रीय मोलाशी त्याचा संबंध नाही; मातीने भरलेला, भट्टीने नाकारलेला थरच कधीकधी जास्त बोलका असतो.

आता निवाडा. नुसते सुटे गोटे तुमच्या तालुक्यात विहीर खोदली तरी दिसतात. त्यासाठी खाण जपा असं आम्ही म्हणणार नाही. पण मुळांच्या नळ्यांसकट सलग पापुद्रा, किंवा त्याखाली गाडली गेलेली जुनी तांबूस माती, आणि बेसाल्टपासून काळ्या मातीपर्यंतचा क्रम एकाच भिंतीत न तुटता दिसत असेल तर ती जागा दुर्मीळ. चालू खाणीत भिंत सरकत राहते, त्यामुळे दर तीन महिन्यांनी त्याच कोपऱ्यातून फोटो घ्या. एका टोकाची पाच-सहा मीटर भिंत तशीच ठेवा, असं मालकाला आजच सांगून ठेवा. खाण संपल्यावर भराव पडतो आणि नेमकी तीच आधी गाडली जाते.

प्रश्न : वाईजवळच्या क्रशरच्या खाणीत नुसता काळा दगड आहे. तिथे बघण्यासारखं काय?
(एक वाचक, वाई)

उत्तर : बरंच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यांच्या एका मोठ्या गटाला भूशास्त्रज्ञ वाईचंच नाव देतात. दोन लाव्ह्यांमधली सांध शोधा : तळाला टणक काळा पाषाण, वर जाळीदार, छिद्राछिद्रांचा दगड म्हणजे मांजऱ्या, त्यावर कधी गेरूसारखा लाल थर, मग पुढचा पाषाण. लाल थर म्हणजे दोन उद्रेकांमधली उसंत. अशी सांध पूर्ण दिसत असेल तर खाण मोलाची. एकाच लाव्ह्याच्या पोटात खोदलेली असेल तर खडीपुरतीच.

प्रश्न : दगडात चुना आहे का, एवढंच ओळखायला आम्लाऐवजी व्हिनेगर चालेल का?
(एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : पूड करून, जरा कोमट व्हिनेगर टाका; बुडबुडे हळू येतात. मांजऱ्याच्या छिद्रांत कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक) असेल तर त्यालाही फेस येतो, म्हणून पूड छिद्रातली नको, दगडाच्या अंगाची घ्या.