पुढच्या वर्षी वडिलांना घेऊन परदेशात फॉर्म्युला वन बघायची आहे. मोनॅको, अबू धाबी की सिंगापूर? सुरुवात कुठून करू?

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: तुम्ही ठाण्यात राहता, बाबा चौसष्ट वर्षांचे आहेत, इतकी वर्षं टीव्हीवर फॉर्म्युला वनच्या मोटार शर्यती बघत आलेत, एकदा त्यांना त्या गाड्या समोर धावताना दाखवायच्या आहेत. दोघांचे मिळून साडेतीन लाख बाजूला काढलेत आणि तीन नावांत मन अडकलंय.

सिंगापूरला न्या. 2022 मध्ये मी माझ्या वडिलांना, अण्णांना, तिथेच घेऊन गेले होते, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाहीये. अण्णा खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. 2011 ते 2013 अशी तीन वर्षं ही रेस आपल्याकडे ग्रेटर नोएडाला होत होती, तिन्ही वेळा सेबास्टियन वेटेल हा ड्रायव्हर जिंकला, आणि तिन्ही वेळा आम्ही घरात बसून बघितली. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी जाऊ. मग ती रेसच बंद पडली. तुमच्या प्रश्नातही 'पुढच्या वर्षी' हे शब्द आहेत, ते वाचून राहवलं नाही.

मोनॅकोचं नाव मोठं आहे, ते मी नाकारत नाही. पण 3.337 किलोमीटरचा तो चिंचोळा रस्ता, त्यावर 78 फेऱ्या, आणि पुढच्या गाडीला मागे टाकायला जागा जवळपास नाहीच. त्यात युरोपचा शेंगेन व्हिसा काढायचा, तोही उन्हाळी सुट्टीवाल्यांची गर्दी असते त्याच दिवसांत. तिथल्या हॉटेलांचे भाव आपल्या आवाक्यातले नाहीत, म्हणून राहायचं जवळच फ्रान्समधल्या नीसला आणि रोज खचाखच भरलेल्या ट्रेनने ये-जा करायची. स्वस्त तिकीट म्हणजे टेकडीच्या उतारावर बसणं. तिशीत मैत्रिणींबरोबर जायचं असतं तर मी जा म्हटलं असतं. वडिलांना घेऊन नको.

अबू धाबी हा मात्र खरा पर्याय आहे. विमानप्रवास तीन-साडेतीन तासांचा, हवा चांगली, रेस संध्याकाळी उजेडात सुरू होऊन दिव्यांत संपते. बहुतेक वर्षी हंगामातली शेवटची शर्यत तीच असते. शिवाय तिथे फॉर्म्युला टूच्या, म्हणजे एक पायरी खालच्या शर्यतीही होतात, त्या सिंगापूरला नसतात. बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर अबू धाबीच निवडा, कारण सिंगापूरला गेटपासून आपल्या खुर्चीपर्यंत खूप चालावं लागतं, जिने आणि पूल चढावे लागतात. पाय धड असतील तर सिंगापूर. अबू धाबीचा ट्रॅक शहराबाहेर मुद्दाम बांधलेला आहे. सिंगापूरला गाड्या रोजच्या रहदारीच्या रस्त्यावरून, इमारतींच्या मधून धावतात आणि आवाज त्या भिंतींवर आपटून परत येतो. फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत 2008 साली इथेच झाली.

आणखी एक गोष्ट वयस्कर माणसासाठी फार सोयीची आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. रात्री आठची रेस म्हणजे बाबांच्या शरीराला संध्याकाळचे साडेपाच. जागरण जाणवत नाही.

आता तयारी. सगळ्यात आधी बाबांचा पासपोर्ट उघडून बघा. परतीच्या तारखेनंतरही सहा महिने मुदत शिल्लक हवी. नसेल किंवा पासपोर्टच नसेल, तर वागळे इस्टेटमधल्या सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घ्या आणि आधार, पॅन, पासपोर्ट तिन्हीवर नाव एकसारखं आहे ना ते तपासा. अण्णांच्या आधारावर आजोबांचं नाव एका स्पेलिंगने होतं आणि शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या. तेवढ्या एका अक्षरासाठी आमचे दीड महिने गेले.

दुसरं काम तिकिटाचं नाही, राहण्याच्या जागेचं. तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात, पैसे न कापता रद्द करता येईल अशी खोली धरून ठेवा. रेसच्या आठवड्यात तिथले हॉटेलदर अचानक कितीतरी वर जातात, आणि बहुतेकांचं गणित बिघडतं ते इथे. आम्ही लिटल इंडियात राहिलो. खोली लहान होती, पण स्टेशन जवळ. तिथून मेट्रोच्या डाउनटाउन लाइनने रोचोर, बुगिस आणि तिसरं प्रॉमेनाड, तिथे उतरलं की ट्रॅकचं गेट चालत. रेसच्या रात्री मेट्रो उशिरापर्यंत सोडतात. जेवणाचाही प्रश्न मिटतो, सकाळी इडली-डोसा खाल्ला की दिवस निघतो. काही जण पैसे वाचवायला पलीकडे मलेशियात जोहोर बाहरूला राहायला सांगतील. ऐकू नका. रेस संपल्यावर मध्यरात्री इमिग्रेशनच्या रांगेत वडिलांना उभं करण्याइतकी ती बचत मोठी नाही.

तिकीट आयोजकांच्या स्वतःच्या साइटवरूनच काढा. हे मी ठासून सांगते, कारण मी ठेच खाल्लेली आहे. 2019 मध्ये मी ऑफिसमधल्या दोघींबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा एका एजंटकडून पॅकेज घेतलं होतं. ग्रँडस्टँडमधली सीट असं तोंडी ठरलं होतं. हातात आली वॉकअबाऊटची तिकिटं, म्हणजे आत कुठेही फिरा पण ठरलेली खुर्ची नाही. तिन्ही दिवस आम्ही कुंपणापाशी जागा पकडायला दुपारपासून उभ्या. त्या वर्षीही वेटेलच जिंकला, तो त्याचा शेवटचा विजय ठरला, आणि मी तो लोकांच्या डोक्यांमधून पाहिला. पैसे परत मिळाले नाहीत, कारण कागदावर सीटचा उल्लेखच नव्हता. पॅकेज घ्यायचंच असेल तर झोन, स्टँडचं नाव आणि सीट नंबर लेखी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. पॅकेजवर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापला जातो, तो रिटर्न भरताना तुमच्या नावावर जमा दाखवता येतो, त्याची पावती जपून ठेवा.

सीट कुठली, यावर मात्र हवा तेवढा वेळ घालवा. मुख्य सरळ रस्त्यावरची सीट सगळ्यात महाग आणि माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी सगळ्यात फसवी. तिथून स्टार्ट दिसतो, पिट स्टॉप म्हणजे टायर बदलायला थांबणाऱ्या गाड्या दिसतात, बाकी वेळ गाडी डावीकडून आली आणि उजवीकडे गेली, एवढंच. जिथे गाडी जोरात येऊन ब्रेक मारते आणि वळते, अशी जागा शोधा. आम्ही कॉनॉट स्टँड घेतला, वळण 14 पाशी. गाड्या अँडरसन पुलावरून येतात, छोटा सरळ रस्ता तुफान वेगात कापतात आणि आपल्यासमोर जवळजवळ थांबल्यासारख्या होऊन उजवीकडे वळतात. तिथे ड्रायव्हरचं कौशल्य डोळ्यांना दिसतं. कोण उशिरा ब्रेक मारतो, कोणाचं चाक ब्रेकने लॉक होऊन घसरतं, कोण भिंतीच्या किती जवळून निघतो, हे सगळं.

शुक्रवार चुकवू नका. तीन दिवसांचं तिकीट असूनही लोक शुक्रवारी शहर फिरतात, मला ते कळत नाही. आमच्या वेळी पहिली प्रॅक्टिस संध्याकाळी सहाला होती, उजेड होता, स्टँड अर्धा रिकामा. अण्णांनी पहिल्या दहा मिनिटांत बोलणं बंद केलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दमले. मग मांडीवर ठेवलेल्या हाताची बोटं हलताना दिसली. गाडी ब्रेक मारत आली की ते गिअर मोजत होते, सात, सहा, पाच, चार. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणाले, "ही लाल गाडी बाकीच्यांपेक्षा एक गिअर जास्त पाडते बघ इथे." मी पुढच्या चार फेऱ्या कान देऊन ऐकलं आणि मलाही ते ऐकू आलं. टीव्हीवर हे कधीच कळलं नसतं, तिथे समालोचक बोलत असतो. इअरप्लग मात्र दोघांसाठी न्या. 2014 पासूनची इंजिनं पूर्वीच्या मानाने कमी आवाजाची आहेत, पण तीन संध्याकाळी बसायचं म्हटलं तर कान सांभाळलेले बरे.

पाऊस धरूनच चला. स्टँडमध्ये डोक्यावर छप्पर मिळेल असं समजू नका. छत्रीने मागच्याचं दिसणं बंद होतं, त्यामुळे ठाण्यातूनच दोन पातळ रेनकोट, मोबाइलसाठी प्लॅस्टिकची पिशवी आणि बाबांसाठी कोरडे मोजे घ्या. 2022 ला रविवारी असा पाऊस कोसळला की आठची रेस नऊ वाजून पाच मिनिटांनी सुटली. सगळे हिरव्या खुणेच्या इंटरमीजिएट, म्हणजे ओलसर रस्त्यासाठीच्या टायरवर. पुढे आमच्यासमोर घडलं ते मी विसरणार नाही. अण्णा गाड्यांकडे बघतच नव्हते, रस्त्याकडे बघत होते. दिव्यांच्या उजेडात ओला डांबरी रस्ता काळा चकचकीत दिसत होता आणि गाड्या जिथून जात तेवढाच एक पट्टा हळूहळू राखाडी होत चालला होता. जॉर्ज रसेलने फार लवकर, विसाव्या फेरीच्या पुढेमागे, कोरड्या रस्त्याचे टायर घातले आणि गाडी बर्फावर असल्यासारखी घसरू लागली. अण्णा म्हणाले, "पट्टा सुकलाय, पण ब्रेक मारायची जागा अजून ओली आहे. टायर गरम होणार कसा?" बाकीच्यांनी आणखी दहा-पंधरा फेऱ्या धीर धरला आणि मगच टायर बदलले. दोन तासांची मर्यादा संपल्यामुळे 61 ऐवजी 59 फेऱ्यांवर रेस थांबली. सर्जिओ पेरेझ जिंकला. घरी असतो तर पाऊस बघून आम्ही चॅनेल बदललं असतं, तिथे तो तासाभराचा खोळंबासुद्धा रेसचाच भाग होता. (2023 पासून खाडीकडचा भाग सरळ केलाय, आता ट्रॅक पाच किलोमीटरच्या थोडा आतला आणि 62 फेऱ्यांचा आहे. पूर्वीपेक्षा थोडा वेगवान.)

व्हिसा सगळ्यात शेवटी, प्रवासाच्या साधारण महिनाभर आधी, अधिकृत एजंटमार्फत. सिंगापूर सरकारची फी 30 सिंगापूर डॉलर, वर एजंटचे पैसे. अरायव्हल कार्ड, म्हणजे तिथे शिरण्यासाठीचा ऑनलाइन फॉर्म, उतरण्याच्या तीन दिवस आधीपासून सरकारी साइटवर फुकट भरता येतं. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. बाबांच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध असेल तर आधी परवानगी लागते, हे डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि बाबा तंबाखू मळत असतील तर ती पुडी घरीच राहिली पाहिजे. खाण्याच्या तंबाखूवर तिथे बंदी आहे आणि ते लोक सोडत नाहीत. अण्णांनी निघायच्या महिनाभर आधीपासून सवय कमी करत आणली होती, ऐनवेळी जमत नाही ते.

साडेतीन लाखांत हे बसतं. माझ्या हिशेबाने तिसरा हिस्सा तिकिटांना, त्याहून थोडं कमी राहण्याला, मग विमान आणि खाणंपिणं, आणि हाताशी काही उरतं. बुधवारी रात्री निघा म्हणजे गुरुवार विश्रांतीला मिळतो. ही रेस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते, तेव्हा तारखा सणांशी ताडून बघा. आम्ही नवरात्रात, टेंभी नाक्याच्या देवीला नमस्कार करून निघालो होतो, कारण अण्णांची एकच अट होती की खंडेनवमीला पान्यांची पूजा करायला घरी पोचायचं. पोचलोही, मंगळवारी सकाळी.

परतीचं विमान सोमवारी रात्रीचं घ्या. सकाळी बाबांना घेऊन पडांगच्या मैदानावर जा. आदल्या रात्री ज्या रस्त्यावर गाड्या धावल्या तिथे कामगार जाळ्या आणि काँक्रीटचे ठोकळे उचलत असतात, वळणांवर रबराचे काळे तुकडे पडलेले असतात. याच मैदानावर 5 जुलै 1943 ला सुभाषबाबूंनी आझाद हिंद सेनेची मानवंदना घेतली आणि 'चलो दिल्ली'ची हाक दिली. जवळच एस्प्लनेड पार्कमध्ये सेनेच्या स्मारकाची जागा आहे. मूळ स्मारक इंग्रजांनी परत आल्यावर उडवून दिलं, आता तिथे खुणेचा फलक आहे. अण्णा तिथे बराच वेळ उभे होते. निघताना त्यांनी रस्त्याच्या कडेचा रबराचा एक तुकडा उचलून रुमालात बांधला.