कंपाऊंड बोवर (टोकांना चाकं असलेल्या धनुष्यावर) नव्या माणसाने कुठली साइट (नेम धरायचं साधन) लावावी, किसर बटण लागतंच का? (सोलापूरचा आहे, हरणाच्या सीझनला टेक्सासला भावाकडे चाललोय)

तीन फिक्स पिनची (पिन म्हणजे नेमाचा ठिपका) साइट घ्या, एकेक पिन 20, 30, 40 यार्डाला सेट करा, दोरीत पीप साइट (डोळ्यासमोर येणारी, आरपार बघायची छोटी रिंग) बसवा आणि किसर बटण (दोरीवरची, ओठाला टेकणारी छोटी चकती) सुरुवातीला लावाच, स्वस्तातलं काम आहे. अंतराप्रमाणे डायलने सरकवायची सिंगल पिन आत्ता नको, हरीण 20 वरून चालत 30 वर जातं आणि तुम्ही डायल फिरवत बसता, तेवढ्या हालचालीवर ते पळालंच म्हणून समजा. पीप पाव इंची घ्या, बारीक भोकातून संध्याकाळी काही दिसत नाही. पण खरा खेळ अँकरचा, म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर हात चेहऱ्यावर जिथं टेकतो त्या जागेचा आहे बघा, हाताची पेरं जबड्याच्या हाडामागे, दोरी नाकाच्या शेंड्याला, किसर ओठाच्या कोपऱ्यात, रोज तिथंच. डोळे मिटून ओढा, मग उघडा, पीपच्या गोलात पिनांभोवतीची साइटची रिंग मधोमध दिसली नाही तर पीप वर-खाली करून घ्यायचा, मान वाकडी करायची नाही. बाण डावीकडे जात असतील तर साइटपण डावीकडेच सरकवायची, इथं सगळे उलटं करतात. मी सोलापुरात फक्त टार्गेटवर मारतो, त्यामुळं हे सगळं त्या अनुभवातून, शिकारीचं बाकीचं भावाला विचारा, तिथलं लायसन्सपण लागतं. आणि हो, इथं परत आल्यावर सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातल्या काळविटांकडे बघून हात शिवशिवले तरी बो घरातच ठेवा, 1972 च्या वन्यजीव कायद्यात सरळ जेल आहे.