वाचकांचे प्रश्न : शाळेतील एनसीसी मुलांना काय देते?

शाळेतील राष्ट्रीय छात्रसेनेबद्दल, म्हणजे एनसीसीच्या ज्युनियर डिव्हिजन (मुलांसाठी) आणि ज्युनियर विंगबद्दल (मुलींसाठी), अलीकडे पालकांची व विद्यार्थ्यांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे आणि शाळेच्या एनसीसी पथकात तिची निवड झाली आहे. दोन वर्षे परेड, त्यात दहा दिवसांचा कॅम्प, आणि पुढे लगेच दहावी. एवढा वेळ दिल्यावर प्रमाणपत्राशिवाय तिच्या हाती नेमके काय लागेल?
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : शालेय एनसीसीत मिळणाऱ्या ‘ए’ प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांचे प्रशिक्षण, किमान 75 टक्के हजेरी, एक कॅम्प आणि शेवटी लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा अशा अटी असतात. सैन्यभरतीत त्या प्रमाणपत्राचा उपयोग होतो. पण तुमच्या मुलीला त्या वाटेने जायचे नसले तरीही ही दोन वर्षे तिच्या कामी येतील, असे मी खात्रीने सांगू शकते. आपल्या हातून काम नीट झाले नाही तर त्याचा त्रास दुसऱ्या कोणाला तरी होईल, अशी खरी जबाबदारी या वयाच्या मुलांवर घरात किंवा वर्गात फारशी कोणी टाकत नाही. गृहपाठ राहिला तर नुकसान एकटीचे होते. एनसीसीत मात्र जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसऱ्याशी बांधलेली असते, आणि मला तिचे सर्वांत मोठे मोल येथेच वाटते.

कॅम्पचेच पाहा. पहाटे उठून पी.टी., मग परेड, नकाशावाचनाचे व प्रथमोपचाराचे तास, दुपारनंतर खेळ आणि रात्री हजेरी, असा दिवस ठरलेला असतो. अंथरुणाची घडी, बुटांना पॉलिश, बक्कल चमकवणे, आपले ताट आपण घासणे ही कामे आईने आठवण करून न देता करावी लागतात. राहण्याच्या जागेची, म्हणजे ‘लाइन एरिया’ची, तपासणी होते आणि तिच्या स्पर्धेत गुण मिळतात ते एकत्र राहणाऱ्या सगळ्यांना मिळून, त्यामुळे एकीचा पसारा सगळ्यांना भोवतो. पहिल्या दोन दिवसांत यावरून रुसवेफुगवे होतात, आणि ते व्हावेतही, कारण वेगळ्या शाळेतून आलेल्या, आदल्या दिवशीच ओळख झालेल्या मुलीला ‘तुझी पेटी नीट लाव’ हे न दुखावता कसे सांगायचे, आणि तेच आपल्याला कोणी सांगितले तर कसे ऐकून घ्यायचे, हे मुली तेव्हाच शिकतात. पुढे वसतिगृहात, नोकरीच्या ठिकाणी आणि संसारातही रोज लागणारी ही गोष्ट कोणत्याही विषयाच्या पुस्तकात नसते.

नकाशावाचनाबद्दल थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण पालक त्याकडे सहसा लक्ष देत नाहीत. सांकेतिक खुणा ओळखणे, होकायंत्राने दिशा काढणे, चौकटींच्या रेषांवरून सहा अंकी ग्रिड रेफरन्सने एखादी जागा नेमकी सांगणे हे मुले कागदावर शिकतात आणि मग शक्य तेथे मैदानात करून पाहतात. नकाशावर विहीर दिसते पण समोर ती नाही, किंवा दोन टेकड्या सारख्याच वाटतात, अशा वेळी थांबून, मागचा मार्ग तपासून, सोबतच्यांचे म्हणणे ऐकून निर्णय घ्यावा लागतो. मोबाइलवरचा बाण पाहत चालण्याची सवय झालेल्या पिढीला हा सराव फार आवश्यक आहे. प्रथमोपचाराचेही तसेच आहे. रक्तस्राव होत असलेल्या जागी स्वच्छ कापडाने दाब द्यायचा, मोडलेल्या हाडाची हालचाल होऊ द्यायची नाही, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचे नाही आणि गर्दी मागे हटवायची, एवढे ज्या मुलीने प्रत्यक्ष करून पाहिले आहे, ती अपघाताच्या जागी रडत उभी राहण्याची शक्यता कमी असते.

अभ्यासाची चिंता रास्त आहे. आठवीत नाव नोंदवल्यास दोन वर्षांचे प्रशिक्षण नववीअखेर पूर्ण होते, त्यामुळे दहावीचे वर्ष मोकळे राहते. कॅम्पचे दिवस घटक चाचणीला लागून आले तर वर्गशिक्षकांशी आधीच बोलून ठेवा. मुलींच्या सुरक्षिततेविषयी आपण विचारले नाही, तरी सांगते : कॅम्पमध्ये मुलींची राहण्याची सोय वेगळी असते आणि त्यांच्यासोबत महिला अधिकारी किंवा प्रशिक्षक असतात. पथक सांभाळणारे शिक्षकही प्रशिक्षित असतात; पुरुष शिक्षकांना नागपूरजवळच्या कामठी येथे आणि महिला शिक्षकांना ग्वाल्हेर येथे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत पाठवले जाते. शंका असल्यास त्यांना थेट भेटा.

प्रश्न : माझा मुलगा फार लाजाळू आहे आणि चारचौघांत बोलताना अडखळतो. एनसीसीमुळे तो धीट होईल असे शिक्षक म्हणतात. मला मात्र भीती वाटते की तेथे ओरडा आणि शिक्षा यांमुळे तो आणखी मिटून जाईल.
— एक वडील, नाशिक

उत्तर : शिक्षकांचे म्हणणे आणि तुमची भीती, दोन्हींत तथ्य आहे. कोणते खरे ठरेल हे बरेचसे त्या पथकाच्या वातावरणावर अवलंबून असते.

आधी चांगली बाजू. कवायतीत प्रत्येक कॅडेटला कधी ना कधी पथकासमोर उभे राहून हुकूम द्यावा लागतो. ‘परेड, सावधान’ या हुकमाचा पहिला भाग लांबवायचा, क्षणभर थांबायचे आणि दुसरा भाग झटक्यात उच्चारायचा, अशी त्याची ठरलेली पद्धत असते. आवाज घशातून न काढता पोटातून काढावा लागतो, आणि त्यासाठी उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारे लष्करी प्रशिक्षक, मुलांना मैदानाच्या दोन टोकांना उभे करून एकमेकांना हुकूम देण्याचा सराव करून घेतात. येथे काय बोलायचे हा प्रश्नच नसतो, कारण शब्द ठरलेले असतात. फक्त ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणायचे असते. लाजाळू मुलासाठी ही पायरी मोठी सोयीची आहे. आपल्या आवाजावर तीसजणांची पावले एकदम थांबली, हे त्याने एकदा पाहिले की पुढे वर्गात उभे राहून उत्तर देणे तेवढे अवघड राहत नाही. त्यानंतर कॅम्पमधील वक्तृत्व, समूहगान, गटचर्चा यांत त्याला हळूहळू ओढता येते. घाई मात्र कोणी करू नये.

अडखळणे जर खरोखरच तोतरेपणाचे असेल, तर त्यावर वाचाउपचारतज्ज्ञांचाच सल्ला घ्या. एनसीसी हा त्यावरचा इलाज नव्हे. पथकाच्या शिक्षकांना सुरुवातीलाच ही गोष्ट एकांतात सांगून ठेवा, म्हणजे ते त्याला एकदम सगळ्यांसमोर उभे करणार नाहीत.

आता शिक्षेबद्दल. कॅडेटांच्या बोलीत तिला ‘रगडा’ म्हणतात. उशीर झाला म्हणून सगळ्या पथकाने मैदानाला एक जादा फेरी मारली, तर त्यात बिघडत नाही. मुले ती हसत पूर्ण करतात. मारहाण, शिवीगाळ, वरच्या वर्गातील मुलांनी खालच्यांकडून खासगी कामे करून घेणे किंवा एखाद्याच्या बोलण्याची नक्कल करणे यांपैकी काहीही प्रशिक्षणाचा भाग नाही, आणि ‘फौजेत असेच असते’ या शब्दांनी त्याचे समर्थन कोणी करू लागला तर ते ऐकून घेऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 17 नुसार मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. असे काही घडले तर आधी मुख्याध्यापकांना आणि गरज पडल्यास पथक ज्या बटालियनशी जोडलेले आहे तिच्या कमांडिंग अधिकाऱ्यांना लेखी कळवा. मुलाने तक्रार केली की ‘सहन करायला शिक’ असे आपण पालक पटकन म्हणून जातो. ज्या मुलाला अन्याय आणि शिस्त यांतला फरक घरात कोणी सांगितला नाही, त्याच्या हाती उद्या रँक आली की तो तेच इतरांशी करतो, म्हणून हे एवढे आग्रहाने लिहीत आहे.

प्रश्न : मी नववीत आहे. माझी हजेरी पूर्ण आहे, कवायतही चांगली आहे, पण या वर्षी मला रँक मिळाली नाही. माझ्या मित्राला सार्जंट केले. आता परेडला जावेसे वाटत नाही. माझी दोन वर्षे वाया गेली का?
— एक कॅडेट

उत्तर : तुला वाईट वाटले हे अगदी साहजिक आहे, आणि ‘रँक महत्त्वाची नसते’ असे सांगून मी ते उडवून लावणार नाही. रँक महत्त्वाची असते. पण पथकात रँकच्या जागा मोजक्याच असतात, त्यामुळे लायक असूनही काहीजण राहतातच. तू सरांना शांतपणे भेटून ‘माझ्यात काय कमी पडले?’ असे जरूर विचार. हा प्रश्न आदराने विचारता येणे हेही मोठे कौशल्य आहे, आणि अनेक मोठ्या माणसांनाही ते जमत नाही.

एनसीसीत शिस्तीची चार सूत्रे शिकवतात, ती तुला पाठ असतील : हसतमुखाने आज्ञा पाळा, वेळेवर या, गाजावाजा न करता कष्ट करा, सबबी सांगू नका आणि खोटे बोलू नका. यांतले पहिले सूत्र मित्राच्या हुकमावर चालताना सर्वांत कठीण जाते. तो तुझ्याएवढाच आहे, कदाचित काही बाबतींत तुझ्याहून कच्चाही आहे, आणि तरीही परेडवर त्याचा हुकूम चुकला तर पथकाची फजिती होऊ नये म्हणून तू त्याला सावरून घेतोस, हे तुझ्या सरांना आणि उस्तादांना दिसत असते. मधल्या सुट्टीत त्याच्यासोबत हुकमांचा सराव कर. नव्याने आलेल्या आठवीच्या मुलांना बेरे टोपी कशी बसवायची आणि बुटांची नाडी कशी बांधायची हे दाखवायला कोणत्याही रँकची गरज लागत नाही. ‘ए’ परीक्षा सोडू नकोस. अकरावीत सीनियर डिव्हिजनमध्ये गेलास तर तेथे निवड पुन्हा नव्याने होते.

प्रश्न : एनसीसीत गेल्यावर सैन्यात जाणे बंधनकारक असते का? आणि एवढ्या लहान मुलांच्या हातात बंदूक देणे योग्य आहे का?
— एक पालक, अमरावती

उत्तर : बंधनकारक नाही. ज्या 1948 च्या कायद्याने ही संघटना उभी राहिली, त्यातच केवळ कॅडेट असल्यामुळे कोणावरही प्रत्यक्ष लष्करी सेवेचे बंधन येत नाही, असे स्पष्ट केलेले आहे. चीनशी झालेल्या युद्धानंतर, 1963 मध्ये, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची करण्यात आली होती. ती सक्ती 1968 मध्ये उठली. आज सहभाग ऐच्छिक आहे.

फायरिंग .22 रायफलने, जमिनीवर झोपून आणि प्रशिक्षकांच्या थेट देखरेखीखाली होते. हुकमाशिवाय रायफल भरायची नाही, तिचे तोंड कधीही माणसाकडे करायचे नाही, हे आधी घोटून घेतले जाते. शाळकरी मुलांना शस्त्र देऊच नये असे तुमचे मत असेल तर मी त्याचा आदर करते. मला मात्र श्वास रोखून, मन एकाग्र करून चार-पाच गोळ्या एका जागी जमवण्याचा तो सराव मुलांना शांत करणारा वाटला आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या शाळेत एनसीसी नाही. काय करता येईल?
— एक शिक्षक, बीड जिल्हा

उत्तर : पथकासाठी मुख्याध्यापकांनी आपल्या भागातील बटालियनकडे लेखी अर्ज करावा. जागा मर्यादित असल्याने कधीकधी वाट पाहावी लागते. शाळेची ऐपत असल्यास स्वयं-अर्थसाहाय्यित योजनेचीही चौकशी करा. तिच्यात प्रशिक्षणाचा खर्च संस्थेने उचलायचा असतो. खर्च पालकांवर पडणार असेल तर मात्र ज्या मुलांना याची सर्वांत जास्त गरज आहे तीच बाहेर राहतील, हे संस्थाचालकांना आवर्जून सांगा. तोपर्यंत स्काऊट-गाइड किंवा आरएसपीचे (रस्ता सुरक्षा दलाचे) पथक सुरू करणे सोपे आहे. तुम्ही स्वतः पथक सांभाळायला तयार असाल तर अर्जात तसे नमूद करा, कारण प्रशिक्षणाला जाण्यास तयार असलेला शिक्षक शाळेत असणे ही पथक मिळण्यासाठीची पहिली गरज आहे.