इजिप्तची कला शेवटच्या शतकांत खरंच खालावली होती का?

तुम्ही विचारलंय, की रामसेस राजांचा काळ (साधारण इ.स.पू. 11वं शतक) सरल्यावर प्राचीन इजिप्तच्या कलेत दम उरला नाही, नुसती जुन्याची नक्कल चालली, हे खरं का? मला हे अजिबात पटत नाही, आणि त्याला कारण आहे वीतभर उंचीचं एक दगडी डोकं.

बर्लिनच्या नॉयेस म्युझियममध्ये सगळे नेफर्तिती राणीचा पुतळा बघायला जातात. मीही त्यासाठीच गेलो होतो. पण पाय खिळले ते तिथल्या 'हिरव्या डोक्या'पाशी. बहुतेक अभ्यासक ते इ.स.पू. चौथ्या शतकातलं मानतात, काही जण त्याहून बरंच पुढचं. मुंडण केलेला प्रौढ माणूस आहे. कपाळावर आठ्या, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या, नाकापासून ओठांच्या टोकापर्यंत उतरलेल्या रेघा, आणि वर गुळगुळीत, निमुळती कवटी. दगड ग्रेवॅक, भलता कठीण. वाळूने घासून घासून तो गुळगुळीत करायचा आणि त्यातच डोळ्यांखालची सैल कातडीही दाखवायची! बोस्टनच्या संग्रहालयात याचंच एक भावंड आहे, इजिप्तमधल्या सक्कारा या जुन्या दफनभूमीतून 1857 साली फ्रेंच पुरातत्त्वज्ञ मारिएतने काढलेलं, जेमतेम 10.5 सेंटिमीटरचं. त्याच्या डाव्या गालावर तर चामखीळसुद्धा आहे.

आता नक्कलेबद्दल. ती झाली, पण जाणूनबुजून. 25व्या आणि 26व्या राजवंशांच्या काळात (साधारण इ.स.पू. आठवं ते सहावं शतक) कलावंत दोन हजार वर्षांपूर्वीच्या पिरॅमिडकाळाकडे वळले. 25व्या राजवंशातल्या शाबाका राजाने जुना ग्रंथ किडींनी खाल्लेला पाहून तो दगडावर कोरून घेतला, असं त्या दगडावरच लिहिलंय (तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे). पण त्याच काळात चित्र काढण्याआधी आकृत्यांचं प्रमाण ठरवायला आखायची चौकटींची जाळी बदलली. आधी उभ्या माणसाला तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत 18 चौकटी असत, आता डोळ्याच्या वरच्या पापणीपर्यंत 21 झाल्या. नुसती नक्कल करणारा माणूस मापाला कशाला हात लावेल?

दक्षिण इजिप्तमधल्या थीब्ज शहराचा कारभारी मोन्तुएमहात याचा कैरोतला उभा पुतळा बघा. अंगकाठी पिरॅमिडकाळातल्या पुतळ्यांसारखी तरण्याबांड माणसाची, चेहरा मात्र थकलेल्या, वय झालेल्या अधिकाऱ्याचा. असिरियन फौजांनी इ.स.पू. 663च्या सुमारास थीब्ज लुटलं, ते या माणसाच्या हयातीतच.

'ऱ्हास झाला' हा समज बहुधा देवाला वाहायच्या ब्राँझच्या मांजरी आणि छोट्या मूर्तींमुळे झाला असावा. त्या ढिगाने ओतल्या जात, त्यात सुमार काम पुष्कळ. टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या काळातल्या एडफूच्या देवळाच्या भिंतींवरची फुगीर शरीरं मलाही भावत नाहीत, हे कबूल. पण इ.स.पू. 300च्या सुमाराची मध्य इजिप्तमधल्या तूना अल-गबलची, पेतोसिरिस या पुजाऱ्याची कबर घ्या. बाहेरच्या दालनात ग्रीक पेहरावातले सुतार आणि द्राक्षं तोडणारे मजूर, आत शिरलात की अस्सल इजिप्शियन रीतीची चित्रं.

हिरव्या डोक्याचे फोटो शोधाल तेव्हा समोरच्यावर थांबू नका. बाजूने काढलेला फोटो जरूर बघा, कवटीची गोलाई त्यातच कळते.